जॅक द रिपर: पोलिसांच्या खासगी नोंदींपैकी कुणाचं किती मानायचं?

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या खुनांचा छडा लागला नाही; त्या अज्ञात खुन्यालाच जॅक द रिपर म्हणतात. पण काही वरिष्ठ पोलिसांनी खासगीत संशयितांची नावं लिहून ठेवली, आणि ‘आतल्या माणसाला ठाऊक असणारच’ म्हणत लोक त्यांतलं एखादं उचलतात. तुम्हाला त्यांत निवड करायची असेल, तर लिहिणारा तपासात कुठे होता, त्याने किती वर्षांनी लिहिलं आणि त्याचे तपशील दप्तराशी जुळतात का, हे आधी पाहा.

सगळ्यात जास्त वापर वरिष्ठ पोलीस अधिकारी मॅकनॉटन याच्या टिपणाचा होतो. तारीख २३ फेब्रुवारी १८९४. तो पोलीस दलात आला जून १८८९ मध्ये, शेवटची बळी मानल्या जाणाऱ्या मेरी केलीच्या खुनानंतर सात महिन्यांनी. टिपणाचं निमित्तही वेगळं होतं: एका वर्तमानपत्राने कटबुश नावाच्या माणसावर घेतलेला आळ खोडणं. म्हणून ड्रुइट, कोस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग ही नावं ‘कटबुशपेक्षा अधिक संभवनीय’ म्हणून येतात, आणि कुणाविरुद्धही पुरावा नाही हे तिथेच नमूद आहे. एवढं वाक्य गाळलं की टिपणाचं आरोपपत्र होतं. टिपणाच्या मसुद्यात ड्रुइटला तो ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतो. ड्रुइट ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर होता. ऑस्ट्रॉग तर तेव्हा फ्रान्समध्ये कैदेत होता.

स्वान्सन या पोलीस अधिकाऱ्याचं पारडं जड आहे. १५ सप्टेंबर १८८८ च्या आदेशानुसार या प्रकरणाचा प्रत्येक कागद त्याच्या हातून जायचा होता. त्याचा वरिष्ठ अँडरसन याने १९१० च्या आठवणींत लिहिलं की साक्षीदाराने एका पोलिश ज्यूला ओळखलं, पण साक्ष द्यायला नकार दिला. स्वान्सनने त्या पुस्तकाच्या आपल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने भर घातली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नाव लिहिलं: कोस्मिन्स्की. या नोंदी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. यांना दोन स्वतंत्र साक्षी मोजू नका; हाताखालचा माणूस साहेबांच्याच मजकुरावर लिहितोय. शिवाय कोस्मिन्स्की वेड्यांच्या इस्पितळात गेल्यावर लवकरच वारला, असं तो म्हणतो. दप्तर सांगतं की एरन कोस्मिन्स्की फेब्रुवारी १८९१ मध्ये कोलनी हॅचच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला आणि १९१९ मध्ये वारला. मॅकनॉटन त्याला मार्च १८८९ च्या सुमारासच आत पाठवतो.

लिटलचाइल्ड हा पोलीस अधिकारी स्पेशल ब्रँचचा, म्हणजे राजकीय गुन्हे पाहणाऱ्या विभागाचा प्रमुख होता, खुनांच्या तपासाचा नव्हे. त्याच्या १९१३ च्या पत्रात टम्बल्टी या आणखी एका संशयिताचं नाव आहे आणि त्याने आत्महत्या केल्याचा समजही. टम्बल्टी वारला १९०३ मध्ये, अमेरिकेत. पत्र एवढंच दाखवतं की त्याच्यावर संशय होता.

यांच्यासमोर इन्स्पेक्टर ॲबरलाइन ठेवा. तो प्रत्यक्ष गल्लीबोळांत तपास करत होता. १९०३ मध्ये त्याने जाहीर मुलाखतीत सांगितलं की स्कॉटलंड यार्डला, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयाला, पंधरा वर्षांपूर्वी होतं त्याहून जास्त काही ठाऊक नाही. त्याचा स्वतःचा कल चॅपमन नावाच्या माणसाकडे होता, ज्याला विषप्रयोगाबद्दल फाशी झाली, तोही तर्कच.

आमचं मत: संशयितांची यादी करायला या नोंदी वापरा, त्यातही स्वान्सन पहिला. पण ओळख पटल्याचा दावा मान्य करण्याआधी साक्षीदार तपासा. तो लावेंडे असावा असं बरेच जण मानतात; एका बळीसोबत त्याने खुनाआधी एक माणूस पाहिला होता. त्याने तर चौकशीतच सांगितलं होतं की तो माणूस पुन्हा दिसला तर आपण ओळखू शकू याबद्दल शंका आहे.