पुण्याची कॅम्परव्हॅन: अल्टरनेटर आधी की सोलर आधी?

गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीला हात न लावता पंखा, दिवे, छोटा फ्रीज आणि लॅपटॉप चालावेत म्हणून कॅम्परव्हॅनमध्ये मागे वेगळी बॅटरी बसवतात. ती भरण्याचे दोन मार्ग आहेत. एक अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र, दुसरा टपावरचं सोलर पॅनेल. दोन्हींसाठी पैसे हाताशी असतील तर प्रश्नच मिटला. बहुतेकांचे नसतात, म्हणून आधी काय घ्यायचं ते ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगतो. पुण्यातून शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्याने आधी डीसी-डीसी चार्जर घ्यावा, म्हणजे अल्टरनेटरची वीज मागच्या बॅटरीला हवी तशी करून देणारं यंत्र. दिवाळीनंतर कोकणात एकाच ठिकाणी चार दिवस मुक्काम करणाऱ्याने आधी सोलर घ्यावं.

रोज लागतं किती?

४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०० वॉट-तास खातो. २५ वॉटचा पंखा रात्रीचे आठ तास चालला तर २००. लॅपटॉपला तीन तासांचे १८०, दिवे आणि मोबाइल मिळून ८०-१००. बेरीज हजाराच्या आसपास जाते. १२.८ व्होल्टच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीतून हे ७५ ते ८० अँपिअर-तास झाले (वॉट-तास भागिले व्होल्ट). म्हणजे १०० अँपिअर-तासाची एलएफपी बॅटरी एक दिवस नीट निभावते. लेड-ॲसिड मात्र निम्मीच रिकामी करावी, नाहीतर ती लवकर बसते. त्यामुळे तेवढ्याच कामाला दुप्पट बॅटरी आणि त्याहून जास्त वजन वाहावं लागतं. इंडक्शन शेगडी आणि एसी या हिशोबात धरलेले नाहीत. ते हवे असतील तर बॅटरीपासून सगळंच मोठं लागेल.

अल्टरनेटर: गाडी चालली की भरवसा

३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला ३० अँपिअर-तास भरतो. ऊन असो, धुकं असो, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. पुणे-महाबळेश्वर अंतर सुमारे १२० किलोमीटर. घाट आणि वाटेतला चहा धरून तीन तास इंजिन चाललं तर ९० अँपिअर-तास मिळतात, म्हणजे वर मांडलेला पूर्ण दिवसाचा खर्च वसूल. पवना धरणाच्या काठी जायला दीड-दोन तास लागतात, त्यात साधारण निम्मी बॅटरी भरते. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी थांबायचं, रविवारी परतायचं, असा बेत असणाऱ्याला दुसरं काही लागतच नाही.

आता रिलेबद्दल. इंजिन सुरू झालं की दोन बॅटऱ्या जोडणारा साधा रिले डीसी-डीसी चार्जरच्या किमतीच्या काही अंशात मिळतो आणि गॅरेजवाले अजूनही तोच सुचवतात. जुन्या गाडीत लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तो चालतो. पण एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज इंजिनचा संगणक ठरवतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज साडेबारापर्यंतही उतरवतो आणि गाडीचा वेग कमी होताना पुन्हा चढवतो. एलएफपी पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. अशा गाडीत रिलेवर ती कधीच नीट भरत नाही. उलट जिथे व्होल्टेज चांगला असतो तिथे वेगळी अडचण येते. लिथियमचा अंतर्गत रोध अगदी कमी असल्याने रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, आतली हवा खेळत नाही आणि वाइंडिंग तापतं. चांदणी चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. डीसी-डीसी चार्जर व्होल्टेज वाढवूनही देतो आणि करंटला लगामही घालतो. एलएफपी बॅटरी घेतली असेल तर रिलेचा विचार सोडून द्या, इतकं मी ठामपणे म्हणेन.

चार्जरचा आकार अल्टरनेटर पाहून ठरवा. अल्टरनेटरच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात. ३० अँपिअर देणारा चार्जर बॅटरीत १४.४ व्होल्टने ४३० वॉट ओततो. त्यातली घट धरली तर समोरून साडेबारा व्होल्टने सुमारे ३८ अँपिअर ओढतो. पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर हे सगळं त्याच अल्टरनेटरवर असतं. म्हणून ९० अँपिअरच्या अल्टरनेटरवर ३० चा चार्जर ही माझ्या मते वरची मर्यादा. छोट्या व्हॅनला २० चा पुरतो, फक्त वेळ जास्त लागतो.

ही वीज फुकट नाही. ३० अँपिअरने तासभर भरायला साधारण पाव लिटरपर्यंत डिझेल जास्त जळतं. घरच्या विजेच्या तुलनेत हे खूप महाग आहे, पण सहलीच्या एकूण खर्चात नगण्य. गाडी उभी ठेवून फक्त बॅटरीसाठी इंजिन चालवणं मात्र चुकीचं. त्यात डिझेल कितीतरी जास्त जातं, अल्टरनेटर कमी देतो आणि शेजारच्या तंबूतल्या माणसांना धूर खावा लागतो.

सोलर: ऊन आणि सावलीचं भांडण

पुण्यात वर्षाच्या सरासरीने सपाट जमिनीवर चौरस मीटरला दिवसाला साडेपाच युनिटच्या आसपास ऊन पडतं. २०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात, सगळी घट धरून, दिवसाला ७०० वॉट-तास देतं असं माना, म्हणजे ५५ अँपिअर-तास. वरच्या हिशोबातला दोन-तृतीयांशाहून जास्त खर्च यात भागतो. ४०० वॉट बसवले तर गाडी न हलवता कितीही दिवस राहता येतं.

हे आकडे उघड्या आभाळाखाली उभ्या गाडीचे आहेत. एप्रिलमध्ये माणूस गाडी झाडाखालीच लावणार. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्यापुरतं नाही, त्याहून कितीतरी जास्त घटतं. पॅनेल उन्हात आणि माणसं सावलीत, हे टपावर घट्ट बसवलेल्या पॅनेलला जमत नाही. त्यावर उपाय म्हणजे घडीचं पॅनेल. ते लांब वायरने उन्हात मांडता येतं. पण ते राखायला कोणीतरी जवळ हवं आणि वाऱ्यात बांधूनही ठेवायला हवं.

उन्हाचा कोनही पाहा. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा सपाट पॅनेल उत्तम कोनात असतं. पण त्याच वेळी पॅनेलचं तापमान ६०-६५ अंशांवर जातं आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. १२-१४ टक्के तिथेच गेले. म्हणून टप आणि पॅनेल यांच्यात हवा खेळायला दीड-दोन इंच जागा सोडावी. टपाला चिकटवायची लवचीक पॅनेल दिसायला छान आणि हलकी असतात, पण त्यांना ही जागा मिळत नाही. आपल्या उन्हात मी ती घेणार नाही. डिसेंबरमध्ये उलट होतं. हवा थंड आणि आकाश स्वच्छ, पण दुपारचा सूर्यही क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे सपाट पॅनेलवर पाऊण हिस्सा ऊन पडतं.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला कंट्रोलर एमपीपीटीचाच घ्या, तो पॅनेलमधून मिळेल तेवढी वीज काढतो. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि पाचवा-चौथा हिस्सा वाया घालवतो. घरांवर बसतात ती ५४० वॉटची पॅनेल वॉटमागे सर्वांत स्वस्त पडतात, पण ती सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असतात. ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या मोठ्या गाडीच्या टपावर मावतील. छोट्या ईकोवर २०० वॉटचं एक पॅनेल हेच शहाणपणाचं.

पुण्याचा खरा पेच: पावसाळा

पुणेकर सर्वांत जास्त बाहेर पडतो तो जून ते सप्टेंबर. ताम्हिणी, मुळशी, भंडारदरा, शेवटी कासची फुलं. आणि सोलर सर्वांत कमी चालतं तेही याच महिन्यांत. शहरात ढग अधूनमधून फाटतात. ताम्हिणीत दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. दाट ढगांत २०० वॉटचं पॅनेल दिवसभरात पंख्यापुरतंच काहीतरी देतं, फ्रीज त्यावर चालत नाही. माझ्या निवडीमागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

दुसरं कारण पार्किंग. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत गाडी इमारतीखाली उभी राहते. आठवडाभर पॅनेलला ऊन लागत नाही, त्यामुळे "सोलर आहे, बॅटरी आपोआप भरलेली राहील" हा फायदा बऱ्याच लोकांना मिळतच नाही. तिथे घरच्या सॉकेटवरचा छोटा चार्जर बरा. ज्यांच्याकडे बंगल्याचं अंगण किंवा उघडी जागा आहे त्यांच्यासाठी मात्र सोलरचं पारडं लगेच जड होतं.

आता कोकणातल्या मुक्कामाचं पाहू. पुण्याहून तारकर्लीला आठ-नऊ तास लागतात. ३० अँपिअरचा चार्जर पहिल्या तीन-साडेतीन तासांतच बॅटरी भरून मोकळा होतो. पुढच्या प्रवासात काहीच साठत नाही, कारण साठवायला जागा उरत नाही. किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रीज बंद पडायची वेळ येते. इथे अल्टरनेटर हतबल आहे आणि नोव्हेंबर ते मे या काळात २०० वॉटचं पॅनेलही मुक्काम एका दिवसावरून तीनवर नेतं.

पुढे दुसरंही जोडलं तरी दोन्ही एकाच बॅटरीला एकाच वेळी भरू शकतात. दोघांचा करंट मिळून बॅटरीच्या मर्यादेत राहतो ना, तेवढं पाहा. १०० अँपिअर-तासाच्या बऱ्याच एलएफपी बॅटऱ्यांना ५० अँपिअर चालतात. ३० अधिक पॅनेलचे १२-१४, जमून जातं.

वायरीच्या टोकाचे लग, फ्यूज, पॅनेलच्या वायरीचे एमसी-४ जोड पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतात. गाडीतल्या वायरमनकडून काम करून घेताना तीन गोष्टी आग्रहाने सांगा. पुढून मागे जाणारी तांब्याची वायर १६ स्क्वेअर एमएमची हवी, कारण पाच मीटरवर जाऊन-येऊन १० च्या वायरीत ३८ अँपिअरला व्होल्टेज पाऊण व्होल्टच्या जवळ पडतो. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि वायर मध्ये घासली तर आग दोन्हीकडून पोसली जाते. आणि इंजिनच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर चार्जरचा निगेटिव्ह चेसिसवर घ्या, थेट टर्मिनलवर नाही. नाहीतर गाडीच्या संगणकाला तुमचा करंट कळत नाही. आज फक्त चार्जर घेत असाल तरी आतलं प्लायवूड ठोकण्याआधी पॅनेलची वायर टपापर्यंत ओढून ठेवा. नंतर तेवढ्यासाठी सगळं सीलिंग उघडावं लागतं.