ऑक्सफर्डची संग्रहालयं आणि ग्रंथालय: कुठला कार्यक्रम गाठावा

ऑक्सफर्ड विद्यापीठाची मुख्य संग्रहालयं कुणालाही फुकट पाहता येतात, त्यामुळे तिथे प्रश्न तिकिटाचा नसतो, निवडीचा असतो. आमची कसोटी सरळ आहे: ज्या कार्यक्रमात माणसं कमी आणि वस्तूही कमी, तो आधी. मोठ्या उत्सवी दिवशी मुलं रांगेत दमतात आणि काचेपर्यंत पोचेस्तोवर त्यांचं लक्ष उडालेलं असतं.

पिट रिव्हर्स म्युझियम, 1884 साली स्थापन झालेलं, सगळ्यांत वरचढ. त्याला रस्त्यावरून दार नाही. नॅचरल हिस्टरी म्युझियम ओलांडून मागच्या बाजूने आत शिरावं लागतं. सोमवारी ते दुपारी 12 ला उघडतं, हे न पाहता सकाळी गेलात तर नॅचरल हिस्टरीच्याच दालनात ताटकळाल. (तिथले खांब बघत बसा, वेगवेगळ्या दगडांचे आहेत आणि दगडांची नावंही लिहिली आहेत.) आतली मांडणी देशांनुसार नाही, कामानुसार आहे: जगभरची कुलुपं एकत्र, वाद्यं एकत्र. कापड आणि पिसं उजेडाने विटतात म्हणून प्रकाश मंद ठेवलेला असतो, आणि वस्तूंना लावलेल्या जुन्या चिठ्ठ्यांवरचं हस्ताक्षर मुंगीएवढं. बरोबर छोटी विजेरी हवीच. ती काचेला टेकवून तिरकी धरा. समोरून मारलीत तर नुसती चकाकी दिसते. कपाटांखालचे खण ओढून पाहायची मुभा आहे, पण निम्मे लोक ते न उघडताच परततात.

वस्तू हाताळायला देणारं सत्र कुठल्याही संग्रहालयात मिळालं तरी सोडू नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, अंगठी आणि घड्याळ काढायचं, वस्तू दोन्ही हातांनी आणि टेबलाच्या गादीपासून वीतभरच उचलायची. कान धरून मडकं उचलू नये: जुना जोड बहुधा तिथेच असतो आणि तिथूनच निखळतो. धातू आणि छायाचित्रांना घामातले क्षार बाधतात म्हणून हातमोजे. जुन्या कागदाला सहसा उघडे हातच बरे, कारण मोज्यांत बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. एका टेबलाभोवती आठाच्या वर माणसं असतील तर मागच्यांच्या वाट्याला नुसतं ऐकणं येतं. तेव्हा नावनोंदणीच्या वेळीच गट केवढा ते विचारा.

बॉडलियन ग्रंथालयाला थोडे कमी गुण. 1602 पासूनचं हे ग्रंथालय पुस्तकं घरी देत नाही. 1645 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यालाही नकार मिळाला होता. त्याच्याच वेस्टन लायब्ररी या इमारतीतली प्रदर्शनं फुकट आणि निगुतीने मांडलेली असतात, पण उघड्या ग्रंथाची दोनच पानं दिसतात, तीही अपुऱ्या उजेडात. म्हणून नुसतं प्रदर्शन बघण्यापेक्षा त्याच विषयावरचं जाणकाराचं भाषण गाठा. उरलेली पानं तिथे पडद्यावर दिसण्याची शक्यता जास्त. जुन्या वाचनकक्षाची फेरी तिकिटाची आहे आणि जागा लवकर भरतात. आत वाचक बसलेले असतात, तेव्हा मार्गदर्शकाला जे विचारायचं ते जिना चढण्याआधीच विचारून घ्या.