शेवंतीच्या दिव्यांसाठी टायमर: पिनांचा घ्यावा की डिजिटल?

शेवंतीला अखंड लांब रात्र मिळाली की ती कळी धरते. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, आणि कळी धरायला शेवंतीला दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान असला तरी चालतो. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ती कळी धरायला तयार. अडचण नेमकी हीच आहे. रोप लावल्यावर दिवे दिले नाहीत तर वीतभर दांडीवर कळ्या येतात आणि असा माल कटफ्लॉवरच्या, म्हणजे लांब दांडीसकट विकायच्या फुलांच्या, बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून सुरुवातीचे 3 ते 4 आठवडे, दांडी फूटभर होईपर्यंत, रात्र मधोमध तोडायची: 10 ते 2 दिवे, झाडाच्या शेंड्यावर किमान 100 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड. हे काम टायमरचं. त्यासाठी दोन प्रकार मिळतात, आणि दोन्ही शेतावर कसे वागतात ते इथे सांगतो.

पिनांचा टायमर समजायला सोपा. चकतीभोवती 96 पिना, एक पिन 15 मिनिटांची. 10 ते 2 साठी 16 पिना दाबल्या की झालं. गड्यालाही लांबून दिसतं की काय लावलंय. आतली मोटर मात्र विजेवरच फिरते. लाइट गेली की घड्याळ थांबतं आणि आली की जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. (काही महाग मॉडेलमध्ये राखीव बॅटरी असते, विकत घेताना तेवढं विचारा.) रोज 3 तास वीज जात असेल तर पहिल्या दिवशी दिवे 1 ते 5 लागतात. तेवढ्याने पीक बिघडत नाही, कारण अंधाराचे दोन्ही तुकडे लहानच राहतात. तिसऱ्या दिवशी मात्र फरक 9 तासांवर जातो आणि दिवे सकाळी 7 ते 11 लागतात. उन्हात लागलेले दिवे कोणाच्या लक्षात येत नाहीत, रात्र मात्र अखंड झालेली असते. अशा काही रात्री लागोपाठ गेल्या की शेंडा कळीकडे वळतो, आणि ती कळी मागे फिरवता येत नाही. शेतीपंपाच्या फीडरवर जिथे वीज पाळीने येते, तिथे बॅटरी नसलेला पिनांचा टायमर घेऊच नका. गच्चीवरच्या दहा-पंधरा कुंड्यांसाठी, शहरातल्या विजेवर, तो उत्तम चालतो.

डिजिटल टायमरमध्ये आत चार्ज होणारी लहान बॅटरी असते, त्यामुळे लाइट गेली तरी वेळ चुकत नाही. पॉलिहाऊससाठी आमची पसंती यालाच. तक्रारी येतात त्या बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या. पहिली, सकाळ-संध्याकाळचा घोळ: रात्रीच्या 10 ऐवजी सकाळचे 10 बसतात. दुसरी वारांची. सोमवारी रात्री 10 ला चालू आणि सोमवारीच 2 ला बंद असं लावलं तर बंदची वेळ आधीच होऊन गेलेली असते, आणि दिवे पुढच्या सोमवारपर्यंत जळत राहतात. चालू आणि बंद दोन्ही सातही वारांना लावा. तिसरी जास्त फसवी आहे. दिवे तपासायला हाताने ऑन करून पुन्हा ऑटोवर आणलं, तर बहुतेक मॉडेल पुढची बंदची वेळ येईपर्यंत चालूच राहतात. आधी ऑफवर नेऊन मग ऑटोवर आणायचं.

डिजिटलचा खरा फायदा वीजबिलात आहे. सलग 4 तास दिवे ठेवण्याऐवजी दर अर्ध्या तासात 6 मिनिटं लावले तरी शेवंतीला रात्र तुटल्यासारखीच वाटते. 10:00 ते 10:06, 10:30 ते 10:36, असं 1:36 पर्यंत. यासाठी चालू-बंदच्या 8 जोड्या लागतात, म्हणून 16 जोड्यांचं मॉडेल घेतलेलं बरं. पिनांच्या टायमरला हे जमणार नाही, त्याची पिनच 15 मिनिटांची. 10 गुंठ्यांना 9 वॅटचे साधारण 220 एलईडी बल्ब धरले तर लोड 2 किलोवॅट. सलग लावले तर रात्रीला 8 युनिट, तुकड्यांनी लावले तर दीड युनिटच्या थोडं वर. उजेड मात्र 100 लक्सच्या खाली जाऊ देऊ नका. तुकड्यांच्या पद्धतीत कमी उजेड लगेच नडतो.

टायमरवर 16 अँपिअर लिहिलेलं असतं आणि 2 किलोवॅटला 9 अँपिअरसुद्धा लागत नाहीत, म्हणून लोक बल्ब थेट त्याच्यावर जोडतात. तसं करू नका. तो आकडा हीटरसारख्या लोडचा आहे. एलईडीचे ड्रायव्हर (बल्बला वीज पुरवणारं आतलं सर्किट) चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात, आणि रात्रीतून 8 वेळा ते झालं की आतले कॉन्टॅक्ट चिकटतात. पडद्यावर ऑफ दिसतं आणि दिवे चालूच. टायमरने फक्त 25 अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची (मोठा लोड चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल चालवायची, दिवे कॉन्टॅक्टरवर, आणि आधी वेगळी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). हा खर्च वाचवू नये.

ग्रो लाइटसोबत येणारे छोटे टायमर यासाठी घेऊ नका. त्यांवर बहुधा 6, 12, 18 तासांची तयार बटणं असतात. परदेशात जिथे कायद्याने चालतं तिथे घरात भांग लावणारे वाढीला 18 तास आणि फुलाला 12 तास उजेड देतात, त्यांच्या सोयीची ही मांडणी आहे. (भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे.) शेवंतीला दिवसा ऊन मिळतंच, तिला मधल्या रात्रीचा तुकडा हवा, आणि तो या बटणांनी लावता येत नाही.

दांडी तयार झाली की दिवे कायमचे बंद. तेव्हा टायमर ऑफवर ठेवून भागत नाही, एमसीबीच पाडा. पॅकिंग शेडचा रात्रभर जळणारा बल्ब एखाद्या वाफ्यावर पडत असेल तर तेवढाच वाफा उशिरा फुलतो. मे-जूनमध्ये कळी नीट उमलण्यासाठी काळा पडदा लागतो, कारण उमलायला दिवस साडेतेरा तासांच्या आत हवा आणि संधिप्रकाश धरला तर आपला दिवस त्याच्या पुढे जातो. पण पडदा संध्याकाळी 5 ला ओढला तर आत उष्मा कोंडतो, आणि 30 अंशांच्या वर गेलेल्या रात्रींनी फूल यायला उलट उशीर होतो. 7 ला ओढा, सकाळी 8 ला काढा.

डिजिटल टायमर आणल्यावर प्रोग्रॅम करण्याआधी तो दिवसभर विजेवर ठेवा, म्हणजे बॅटरी भरेल. मग मेन बंद करून दुसऱ्या दिवशी वेळ बघा. घड्याळ पुसलं गेलं असेल तर दुकानदाराकडून तेव्हाच बदलून घ्या. दोन-तीन हंगामांनंतर, नवी लागण करण्याआधी, हीच परीक्षा पुन्हा घ्या. या बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात आणि एरवी ते कळत नाही.