दोघांच्या लांब सागरप्रवासासाठी ऑटोपायलट की विंडवेन?

निवृत्तीनंतर शिडाच्या नौकेवर राहून महासागर ओलांडायचे ठरले आणि नौकाही पसंत झाली, की पुढचा मोठा प्रश्न उरतो तो सुकाणू कोणी सांभाळायचे हा. नौकेवर दोघेच असतील तर एकाने झोपायचे आणि दुसऱ्याने पहारा करायचा, याखेरीज रात्रीची दुसरी व्यवस्था नसते, आणि पहारेकऱ्याने तासन्‌तास चाक धरून बसावे, ही अपेक्षा साठीनंतर धरू नये. कॅनरी बेटांहून कॅरिबियनकडे निघाल्यास अंतर सुमारे २,७०० सागरी मैल भरते, म्हणजे साधारण तीन आठवडे रात्रंदिवस चालणे. पॅसिफिक महासागरात गॅलापागोसहून मार्केसास बेटांपर्यंत तर सुमारे ३,००० सागरी मैल. आम्हा पती-पत्नींनी अशा टप्प्यांवर विजेवर चालणारा ऑटोपायलट आणि वाऱ्यावर चालणारे विंडवेन ही दोन्ही साधने वापरली आहेत. पुढील मत त्या अनुभवावर आधारलेले आहे. वेगळ्या बांधणीच्या नौकेवर ते वेगळे असू शकेल.

ऑटोपायलटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वारा पडून इंजिनावर जावे लागले, की होकायंत्राच्या आधारे दिशा धरणारा तोच एक सोबती असतो, कारण विंडवेनला फक्त वाऱ्याशी असलेला कोन राखता येतो. जहाजांची वर्दळ असलेल्या सामुद्रधुनीत बटण दाबून नौका दहा अंश वळवता येते, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसाला काळोखात नौकेच्या पिछाडीला बसवलेल्या विंडवेनपर्यंत सरकत जावे लागत नाही, ही सोय लहान नव्हे. वारा मंद आणि तोही पाठीमागून असला, तर नौका त्याच्याच दिशेने पळत असल्यामुळे तिच्यावर जाणवणारा वारा आणखी कमी होतो आणि विंडवेनचे पाते मरगळते. ऑटोपायलट मात्र अशा वेळीही निमूटपणे आपली रेघ धरून चालतो.

विजेचा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. चाळीसेक फुटांच्या नौकेवर ऑटोपायलटने सरासरी ४ अँपिअर घेतले, तरी २४ तासांत ९६ अँपिअर-तास होतात, आणि फ्रिज, दिवे, रडार यांचा भार वेगळाच. सौर पॅनेल पुरेशी असतील तर हा खर्च निभावतो. सलग ढगाळ दिवस आले, तर बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालवावे लागते, आणि ते नेमके कोणाच्या तरी झोपेच्या वेळेत येते. तरीही केवळ विजेसाठी मी ऑटोपायलट बाजूला ठेवला नसता.

माझा निर्णय झाला तो आवाजामुळे. डेकखाली बसवलेल्या ऑटोपायलटची मोटर सुकाणूच्या खांबापाशी असते, आणि अनेक नौकांवर निजण्याची मागची खोली त्याच भिंतीला लागून असते. पाठीमागून लाटा येत असताना प्रत्येक लाट नौकेची पिछाडी थोडी ढकलते, मोटर घुरघुरून सुकाणू वळवते, क्षणभर थांबते आणि उलट दिशेने पुन्हा घुरघुरते. हे काही सेकंदांच्या अंतराने रात्रभर चालते. कानात बोळे घातले तरी तो कंप फळीतून उशीपर्यंत पोहोचतो. त्याहून वाईट म्हणजे कान त्या आवाजाला बांधले जातात: तो नेहमीपेक्षा लांबला की मोटरवर ताण आला असे वाटते, आणि थांबला की ती बंद पडली या धास्तीने जाग येते. पत्नी पहाऱ्यावर असताना मी झोपायला जात असे, पण प्रत्यक्षात तिच्याइतकाच जागा राहत असे, आणि पाळी बदलली की तिचीही तीच गत होई. आठवड्याभराने दोघेही एकाच वेळी थकलेले असणे हा दोन माणसांच्या प्रवासातला खरा धोका आहे, कारण वादळ किंवा बिघाड आला तर ताजेतवाने असे कोणीच उरत नाही.

विंडवेन चालू असताना खाली ऐकू येते ती दोऱ्यांची बारीक करकर आणि पाण्याची सळसळ. नौका वाऱ्याशी ठरलेला कोन सोडू लागली की हवेतले पाते कलते, ते पाण्यातल्या वल्ह्यासारख्या फळीला किंचित पीळ देते, वाहते पाणी त्या फळीला जोराने बाजूला लोटते आणि तिला बांधलेले दोर सुकाणू ओढतात. नौकेचा वेग वाढतो तसा या ओढीचा जोरही वाढतो, आणि विजेचा थेंबही लागत नाही. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत ब्लाँडी हॅसलर आणि फ्रान्सिस चिचेस्टर या दोघांनीही वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रे वापरली होती. एकट्या माणसाला झोपता यावे, हीच त्यामागची निकड होती. दोघांच्या नौकेवर रात्री जागा असणारा माणूसही एकटाच असतो.

विंडवेनची एक अट मात्र कडक आहे: शिडांचा तोल साधलेला असला पाहिजे. शीड वेळेवर आखडले नाही आणि नौका वाऱ्याकडे ओढू लागली, तर ते तिला आवरू शकत नाही. मला ही अट उपकारक वाटते, कारण तिच्यामुळे आम्ही शीड लवकर आखडू लागलो, नौका कमी कलू लागली आणि स्वयंपाकघरात उभे राहणे सुसह्य झाले. १९६८-६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे सुकाणूयंत्र वाटेत मोडले, तरी शिडांचा तोल साधत त्यांनी प्रदक्षिणा पुरी केली; तोल साधलेली नौका किती सोसते हे त्यावरून कळावे.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. वारा फिरला की नौकाही त्याच्यामागे फिरते, त्यामुळे पहारेकऱ्याला होकायंत्रावर अधूनमधून नजर टाकावी लागते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात हे क्वचित जाणवते, किनाऱ्याजवळ मात्र फार जाणवते. दोर कप्प्यांवर घासून झिजतात, म्हणून रोज सकाळी ते बोटांनी चाचपून पाहणे आणि झिजलेला भाग थोडा पुढे सरकवणे हे काम मागे लागते. बंदरात नौका मागे घेण्यापूर्वी पाण्यातली फळी वर उचलावी लागते. तरी बिघडलेच तर पाते प्लायवूडचे कापता येते आणि दोर बदलता येतो. ऑटोपायलटचे नियंत्रक मंडल (सर्किट) भर समुद्रात जळाले, तर जोडीचे दुसरे मंडल जवळ असणे एवढाच इलाज उरतो.

ज्यांचा बहुतेक प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने आणि निम्मा इंजिनावर होणार आहे, त्यांनी ऑटोपायलटच घ्यावा. दोन सांगाड्यांच्या कॅटामरानवरही माझा कौल तोच राहील, कारण तिच्या वेगातल्या चढउतारांत जाणवणारा वारा सारखा दिशा बदलतो. महासागर ओलांडणाऱ्या एका सांगाड्याच्या नौकेवर मात्र मी आधी विंडवेन बसवीन, आणि त्याच्या पात्याच्या जागी जोडता येणारा, दांड्याच्या सुकाणूसाठी मिळणारा छोटा ऑटोपायलट सोबत ठेवीन. सुकाणू ओढण्याचे श्रम पाणीच करत असल्याने तो अगदी थोड्या विजेवर होकायंत्राची दिशा धरतो. इंजिनावर चालतानाही, नौकेला पुरेसा वेग असेल तर, त्याचा उपयोग होतो. हे ठरवण्यापूर्वी नौकेची पिछाडी नीट मोजून घ्यावी, कारण होडी टांगण्याचे हात आणि पॅनेलची कमान तिथे आधी बसली, तर पात्याला मोकळा वारा मिळत नाही आणि निवडीचा प्रश्नच उरत नाही.