९८ डॉलरचा एचडी डीव्हीडी प्लेयर, अजून चालू आहे

आतेभाऊ तेव्हा शिपवर होता. नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेत वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडी प्लेयर ९८.८७ डॉलरला काढला, म्हणजे तेव्हाच्या भावाने चार हजाराच्या आत, आणि ह्याने मायामीला उतरून एक उचलला माझ्यासाठी. २००६ ला तोशिबाचा पहिला प्लेयर ५०० डॉलरचा होता आणि सॅमसंगचा ब्लू-रे (एचडी डीव्हीडीशी स्पर्धा करणारी दुसरी हाय-डेफिनिशन डिस्क) प्लेयर तर हजारचा, त्यामुळे मला वाटलं लॉटरीच लागली.

पण तो कॉन्ट्रॅक्ट संपवून डिचोलीला पोचला मार्चमध्ये. तोवर ४ जानेवारीला वॉर्नर या सिनेमा कंपनीने जाहीर केलेलं की आता फक्त ब्लू-रे, तोशिबाने लगेच भाव अजून पाडले, तरी काही उपयोग नाही, १९ फेब्रुवारीला गाशा गुंडाळला. खोका उघडला तर मशीन कोरं करकरीत नि फॉरमॅट मेलेला :)

पिक्चर मात्र एक नंबर, खोटं नाही बोलणार. भावाने आणलेल्या तीनच डिस्क, लाल डबीतल्या, पण समुद्राच्या सीनमध्ये लाटेचा फेस वेगळा दिसतो हो, आमच्या ३२ इंची टीव्हीवर सुद्धा. १०८०आय म्हणजे एचडी चित्र देतो, साध्या डीव्हीडी पण चकाचक करतो, फक्त अमेरिकन मशीन असल्याने एनटीएससीवाल्या (अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या) आणि रिजन-कोड (कुठल्या देशात चालेल ते ठरवणारं कुलूप) नसलेल्या किंवा अमेरिकेच्या कोडच्याच घ्यायला लागतात. ११० व्होल्टचा आहे, मी शहाणा, पहिल्या दिवशी थेट बोर्डात लावणार होतो, आईने हात धरला म्हणून वाचला. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर पणजीहून आणला.

चौथी डिस्क काही मिळाली नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सीडीवाल्याला लाल डबी दाखवली तर म्हणतो, "किदें तें?" आणि बाजूला मोझर बेअर कंपनीच्या स्वस्त डीव्हीडींचा ढीग, ३४ रुपयाला एक! तिकडे दोन गट शंभर डॉलरवरून भांडत होते आणि आमच्याकडे ३४ रुपयात अख्खा हिंदी सिनेमा, कोण घेणार हो ब्लू-रे तरी. मशीन फुकट दिलं तरी त्यात घालायला पिक्चर नको का?

पाचपैकी साडेतीन. जुना कुठे मिळत असेल तर आधी डिस्क घालून बघा, मागे व्होल्टेज वाचा, आणि पाऊस सुरू झाला की डिस्क कपाटात ठेवा, माझ्या एकीवर बुरशी आली. आता दोनच उरल्यात.