भुसावळचा इंग्रजी क्लास, रविवारची बॅच

रावेरला केळी निर्यातीच्या ऑफिसात आहे मी. बाहेरून तपासणीचे रिपोर्ट येतात आणि 'वाचला' एवढं कळवताना हात अडतो, म्हणून भुसावळला स्टेशनजवळचा हा क्लास लावला.

मॅडम शिकवतात झकास. वाचून झालं हे कसं सांगायचं, यावरच अख्खा तास घेतला. 'फिनिश'नंतर 'टू रीड' नाही, 'रीडिंग'च. काल संपवलं असेल तर 'आय फिनिश्ड रीडिंग इट यस्टरडे'. 'हॅव फिनिश्ड'ला 'यस्टरडे' जोडायचं नाही. आमची निम्मी बॅच तेच जोडत होती! 'आय ॲम डन विथ द रिपोर्ट' जपून वापरा. वाचून झाला असाही अर्थ निघतो, आणि वैतागलो, आता पुरे, असाही. 'आय हॅव कम्प्लीटेड द रिपोर्ट' लिहिलं तर रिपोर्ट तुम्हीच तयार केला असं समोरच्याला वाटू शकतं. साहेबांना साधं 'आय हॅव रीड द रिपोर्ट' बरं. लिहायचं तसंच, पण उच्चार 'रेड'. हे कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं.

आता तक्रारी. मे महिन्यात पत्र्याखाली बसवतात. भुसावळचं ऊन माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. पंखा एकच, तोही मॅडमकडे तोंड करून. नोट्सची झेरॉक्स फिकट. बॅच मोठी, त्यामुळे मागच्या बाकावरच्यांना बोलायला मिळत नाही.

फी एकदम मागतात, पण विचारलं तर हप्ते करून देतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची बॅच घ्या.