रूबीचे हुक: तयार ऑब्जेक्ट वाढवण्याची सोय आणि तिच्यातील खाचखळगे

तयार झालेल्या ऑब्जेक्टला (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बाळगणाऱ्या घटकाला) मागाहून नव्या मेथड, म्हणजे त्याने करायची कामे, जोडता याव्यात आणि त्या जोडल्या गेल्याची वर्दीही मिळावी, ही सोय रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेइतक्या साधेपणाने देणारी दुसरी भाषा माझ्या तरी वापरात आलेली नाही. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेत ऑब्जेक्टवर 'एक्स्टेंड' चालवले, की जोडलेल्या मॉड्यूलची (मेथडच्या गठ्ठ्याची) 'एक्स्टेंडेड' ही मेथड आपोआप चालते आणि वाढवलेला ऑब्जेक्टच तिच्या हाती येतो. अशा आपोआप चालणाऱ्या मेथडलाच हुक म्हणतात. समजा, एकाच बिलाला सवलतीचे मॉड्यूल जोडायचे आहे. सवलतीचा सुरुवातीचा दर ठरवण्याचे काम 'एक्स्टेंडेड'मध्ये लिहून ठेवले, तर बाकीच्या बिलांना धक्का लागत नाही आणि जोडणाऱ्याला वेगळे काही आठवणीने करावे लागत नाही. क्लासला, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यातून घडतात त्या साच्याला, मॉड्यूल जोडताना 'इन्क्लुडेड' आणि एका क्लासपासून दुसरा काढताना 'इनहेरिटेड' हेच काम करतात. रूबीत वेबसाइट उभारण्यासाठीच्या रेल्स या साधनसंचाचा बराचसा डोलारा यांच्याच आधाराने उभा आहे.

प्रत्यक्ष जोडणी आणि तिची वर्दी यांची फारकत केली आहे, हे मला विशेष पटले. जोडणी 'एक्स्टेंड_ऑब्जेक्ट' करते, 'एक्स्टेंडेड' त्यानंतर येते. त्यामुळे हुक कोराच ठेवला तरी जोडणी अडत नाही.

तक्रार आहे ती या हुकांच्या मौनाबद्दल. ते मुळात रिकाम्या मेथड असल्याने नावातील एखादे अक्षर चुकले किंवा नावाआधी 'सेल्फ' (मेथड खुद्द त्या मॉड्यूलची किंवा क्लासची आहे, हे सांगणारा शब्द) लावायचे राहिले, तर रूबी चकार शब्द काढत नाही. हुक चालतच नाही आणि आपण दोष भलत्याच फाइलीत शोधत बसतो. 'इनहेरिटेड' तर नव्या क्लासच्या आतला कोड चालण्याआधीच येतो, म्हणून त्या क्लासने लिहिलेल्या मेथड तिथे तपासायला गेल्यास हाती काहीच लागत नाही. शिवाय मधल्या एखाद्या क्लासने स्वतःचा 'इनहेरिटेड' लिहून त्यात 'सुपर' (वरच्या क्लासची तीच मेथड चालवणारा शब्द) गाळले, तर त्याच्या खालच्या क्लाससाठी वरचा हुक परस्पर बंद पडतो.

पायथनमध्ये ३.६ आवृत्तीपासून असलेला 'इनिट_सबक्लास' हुक क्लास पूर्ण तयार झाल्यावर चालतो, आणि उपक्लासची तपासणी करायची असेल तर मी तोच उजवा मानेन. एकट्या ऑब्जेक्टला वाढवायचे असेल, तेव्हा मात्र रूबीच घ्यावी. फक्त तो ऑब्जेक्ट आधी 'फ्रीझ' केलेला, म्हणजे बदलांना बंद केलेला, नाही ना, एवढे पाहून घ्यावे, कारण तसा असल्यास 'एक्स्टेंड' थेट एरर देते.